मेलेल्या पेशींच्या रिपोर्टवर सही नाही

मंडळी, आज परळच्या आमच्या लॅबमध्ये मी साहेबांशी चक्क भांडले.

रक्ताचा कॅन्सर असलेल्या एका लहान मुलीचा नमुना होता. नेमका कुठल्या प्रकारचा, हे शोधायला आम्ही रक्तात चमकणाऱ्या अँटीबॉडीज टाकतो. प्रत्येक जातीच्या पेशीला तिचा रंग चिकटतो आणि मशीन तो वाचतं. त्यावरूनच औषध ठरतं.

पण नमुना फार उशिरा आला होता. बऱ्याचशा पेशी मेलेल्या, आणि मेलेल्या पेशीला कुठलाही रंग चिकटतो.

साहेब म्हणाले, "अगं, अंदाज आलाय ना? सही कर. वॉर्डातून सारखे फोन येतायत."

"अंदाजावर त्या पोरीला केमो देणार, सर? मी सही करणार नाही. ताजं रक्त मागवा."

"मग तिच्या बापाला तूच सांग जाऊन."

गेले. वरळी कोळीवाड्यातले ते गृहस्थ आधी भडकलेच. "परत सुई? रडून रडून आत्ता झोपलीय ती!" मी सगळं समजावलं. शेवटी ते म्हणाले, "घ्या ताई. पण आता नक्की काय ते सांगा."

दुपारी ताज्या रक्तातल्या पेशी स्पष्ट ओळखू आल्या. सकाळचा अंदाज चुकीचा होता. प्रकार वेगळा, म्हणजे औषधंही वेगळी. उद्यापासून तिला तीच मिळतील.

साहेब माझ्याशी बोलत नाहीयेत. नका बोलू! असा नमुना पुन्हा आला, तर पुन्हा भांडेन.

तुमच्याकडे "चालतंय गं, दे पुढे ढकलून" म्हणणाऱ्याला तुम्ही काय उत्तर देता?