मेलेल्याचं शेत

अण्णा पुराणिकांशी माझी ओळख झाली तेव्हा त्यांना मरून आठ महिने झाले होते. असं ते स्वतःच सांगत. बँकेच्या बदलीवर मी बनारसला आलो, अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांच्या घराचा तिसरा मजला भाड्यानं घेतला आणि पहिल्याच दिवशी जिन्यात भेटलेल्या या म्हाताऱ्याला प्रकृती विचारली. "तबियत जित्या माणसाची विचारायची, बँकवाले," ते म्हणाले. "माझं तर श्राद्ध झालं."

ते खोटं नव्हतं. मागच्यांचा भरवसा नसेल तर जिवंतपणीच आपलं श्राद्ध उरकून घ्यावं, अशी शास्त्रात सोय आहे. सहसा मूलबाळ नसलेले लोक ती वापरतात. अण्णांना दिगंबर नावाचा चांगला धडधाकट मुलगा होता, आणि त्याच्या देखत घाटावर बसून त्यांनी स्वतःच्या नावाचे पिंड दिले. कारण विचारलं तर दिगूसमोरच सांगत, "याच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. ज्याला भंट्याचं रोप सरळ लावता येत नाही, तो मला काय स्वर्गात लावणार?"

भंटा म्हणजे रामनगरचं नारळाएवढं गोल वांगं. नदीपलीकडे रामनगरच्या पुढे पुराणिकांचं शेत होतं. अण्णांच्या आजोबांना पुराण सांगितल्याबद्दल दान मिळालेलं. "नोकरी सोड, शेत तुला देतो," या अण्णांच्या शब्दावर दिगूनं तरुणपणीच रेल्वेची नोकरी सोडली होती. तो शब्द अण्णांनी पंधरा वर्षं चघळला. श्राद्धानंतर मात्र मेलेल्याच्या नावावर जमीन ठेवता येईना, म्हणून तहसिलीत जाऊन त्यांनी ती मुलाच्या नावावर केली. पंचेचाळिशीतल्या दिगूनं गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलीकडे जायला नावेत चढला, तर अण्णा आधीच येऊन बसलेले.

"अण्णा, आता माझ्यावर सोपवलंय ना?"

"सोपवलं की. मी कुठं आहे? मेलेला माणूस दिसतो का कुणाला?" आणि शेतावर पोचताच त्यांनी मजुराला हाक मारली, "ललन, पानी एहर घुमावा." वर्षानुवर्षांच्या सवयीनं ललननं पाणी अण्णा म्हणतील तिकडे वळवलं. पुढे रोज हेच. दिगू सांगे ते अण्णा मोडत, आणि जाब विचारला की मेलेले असत.

मला अण्णा आवडत. त्यांच्या बोलण्याला मी पोट धरून हसलो आहे. विनोद दुसऱ्याच्या जिवावर चाललेला असला की ऐकायला बरा वाटतो.

त्या वर्षी दिगूनं अर्ध्या शेतात झेंडू लावला. देवळांच्या गावात फुलांना मरण नाही, हा त्याचा हिशेब बरोबर होता. कळ्या धरल्या. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी दिगू खत आणायला गेला असताना अण्णांनी ललनला हाताशी धरून सगळी रोपं उपटून टाकली. दिगू परतला तेव्हा ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. "मी कुठं काय केलं?" म्हणाले. "पिशाच्च लागलं असेल शेताला. जा, फिर्याद कर. मेलेल्यावर दाखल करून घेतात का बघ."

दिगू तसाच घरी आला. दुपारी दिगूच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पानं मांडली, तेव्हा अण्णांचं पान त्यानं उचललं. "मेलेल्याचं पान पंक्तीत नसतं," म्हणाला, आणि कावळ्याला ठेवतात तसं ते माझ्या खोलीबाहेरच्या गच्चीवर नेऊन ठेवलं.

मला वाटलं, आता म्हातारा घर डोक्यावर घेणार. अण्णा सावकाश जिना चढून आले, पानाकडे पाहिलं, माकडांसाठी काठी शेजारी ठेवली आणि जेवायला बसले. "वरण फक्कड झालंय, सूनबाई," असं खाली ओरडून सांगितलंसुद्धा. सव्वा वर्ष ते गच्चीवर जेवले. थंडीत घोंगडी पांघरून, उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा टाकून. माकडानं पोळी पळवली तर दुसरी मागत नसत. मी खोलीत बोलावलं तर म्हणत, "प्रेताला घरात घेऊ नये, बँकवाले. बरकत जाते."

मी दिगूला समजावलं. तो म्हणाला, "एकदा त्यांनी तोंडानं म्हणू दे, शेत दिगूचं. चारचौघांत नको, माझ्यासमोर. मी स्वतः पाट मांडतो." मी अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, "तहसिलीत लिहून दिलंय ना? मग तोंडाची काय जरूर?" एवढं एक वाक्य बापाला जड झालं होतं, आणि मुलाला त्याच्यावाचून घास गिळत नव्हता. इतके क्रूर लोक मी पुन्हा पाहिले नाहीत, आणि दोघंही रोज गंगास्नान करणारे.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा खंगले. डॉक्टरांनी मान हलवली. त्या संध्याकाळी दिगू गच्चीवर आला आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, शेत परत घ्या. माझं काही म्हणणं नाही. पण मग तिकडेच राहा, झोपडीत. इकडे यायचं नाही."

सुमनवहिनी खालून धावत आल्या. बनारसच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या काठावर मरण यावं म्हणून लोक कुठून कुठून येऊन राहतात. इथे मेला तो सुटला. पलीकडे रामनगरच्या काठावर मेला तो पुढच्या जन्मी गाढव होतो. इथले म्हातारे साधा ताप आला तरी नदी ओलांडत नाहीत. दिगू एका हातानं शेत देत होता आणि दुसऱ्या हातानं बापाचा मोक्ष काढून घेत होता.

"म्हणून टाका ना, अण्णा," वहिनींनी त्यांचे पाय धरले. "एकच तर वाक्य आहे."

अण्णांनी नदीकडे पाहिलं. मग हसले. "गाढव तर गाढव," म्हणाले. "शेत तर माझं."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून त्यांना घाटाखाली नेलं. ते खरंच जातील असं दिगूला वाटलं नव्हतं. नाव सुटताना त्यानं तिची कड धरली. "अण्णा, उतरा. नको मला ते वाक्य." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नावाड्याला म्हणाले, "चलो भैया."

थंडी सरायच्या आत ते झोपडीतच वारले. दिगूनं त्यांना अलीकडे आणून मणिकर्णिकेवर अग्नी दिला, पण मरण पलीकडेच आलं होतं. ते काही नावेत घालून आणता येत नाही. बापाला पलीकडे नेऊन मारलं, असं गल्ली म्हणू लागली. तोंडावर कुणी बोललं नाही. नुसतं पुराणिकांना कार्याला बोलावणं बंद झालं.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी शेतावर गेलो. भंट्याचं पीक सुरेख आलं होतं. दिगूशी बोलत असतानाच एक गाढव बांध ओलांडून आत शिरलं आणि रोपं तुडवत वांगी खाऊ लागलं. ललन काठी घेऊन धावला. दिगूनं वाटेतच त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "खाऊ दे त्यांना."

गाढवानं एक वाफा संपवला, दुसऱ्यात शिरलं. दिगू हात जोडल्यासारखे पुढे धरून उभा होता. ललन मला नावेपर्यंत सोडायला आला. हे रोजचंच आहे, म्हणाला. रामनगरच्या धोब्यांनाही कळलंय. ते आता गाढवं मुद्दाम इथेच सोडतात.