चापाचा उंबरठा

चांगल्या रिव्हॉल्वरचा घोडा अंगठ्याने मागे ओढला की चापात काही हालचाल उरत नाही. बोट टेकवून दाबत जायचं. काही होत नाही, आणखी दाबलं तरी होत नाही, आणि मग काचेची बांगडी टिचावी तसा तो एकदम सुटतो. आमच्या क्लबात पॉइंट बत्तीसचं असं एक जुनं रिव्हॉल्वर आहे. त्याचा चाप सुटायला सव्वा किलोच्या आसपास वजन लागतं, पण तेवढं जाणवत नाही, कारण तो वाटेत कुठे घासत नाही की अडखळत नाही.

नेमबाजीच्या पिस्तुलाचं काम वेगळं. तिथे चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा सैल असतो, मग एका जागी तो थांबतो. त्या जागेला मी उंबरठा म्हणायचो आणि पुढे क्लबात सगळेच म्हणायला लागले. हवेच्या पिस्तुलाचा चाप स्पर्धेत पाचशे ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. माझ्या पिस्तुलात त्यातले चारशे ग्रॅम उंबरठ्यापर्यंत खर्च होत. उरलेल्या शंभरासाठी बोट तिथे थांबायचं. डोळा आणि मनगट जमून आलं की ते शंभर द्यायचे. ते कधी द्यायचे हे डोक्याने ठरत नाही, बोटाने ठरतं.

दोन्हींत श्रेष्ठ कोणतं, हा वाद क्लबात नेहमी चाले. माझं मत असं होतं की कारागिरी रिव्हॉल्वरमध्ये दिसते आणि गुण पिस्तुलाने मिळतात. हे मत लोक ऐकून घ्यायचे, कारण चाप ओळखण्यात माझं बोट बरं समजलं जायचं. दहा-वीस ग्रॅमचा फरक मी वजन न लावता सांगत असे. नंतर चापाला वजन टांगून बघितलं की आकडा जुळायचा.

मी मुलुंडला राहतो. नोकरी अंधेरीच्या एका औषध कंपनीत, हिशेबाच्या खात्यात. चाळिशीत नेमबाजी सुरू केली. मोठं पदक कधी मिळालं नाही. पण हातात सोपवलेली गोष्ट आपण सांगू तशी होते, असा अनुभव मला दुसऱ्या कुठल्याच कामात आला नाही, घरातही नाही आणि ऑफिसात तर नाहीच. पन्नाशी ओलांडल्यावर ज्येष्ठांच्या गटातून राज्य स्पर्धेला उतरायचं एवढंच मनात होतं. त्यासाठी लागणारे गुण मला सरावात येत होते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्या पिस्तुलाचा उंबरठा पुसट झाला. दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही. चाप थांबायचा, पण कुठे थांबला ते कळायचं नाही. मी अजून नेम धरतोय आणि छर्रा गेलेला, असं व्हायला लागलं. आठ-नऊच्या वर्तुळात छर्रे पसरायला लागले. मी घरी पिस्तूल उभं धरून चापाला पाचशे ग्रॅमचं वजन लावलं. चापाने ते न सुटता उचललं. थोडं वाढवलं तेव्हा सुटला. आकडा बरोबर होता. म्हणजे दोष वजनात नसून उंबरठ्यात असणार, असं मी धरून चाललो. स्क्रू पाव फेरा फिरवला, मग अर्धा, मग परत मूळ जागी आणला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट वाटलं.

ज्याच्याकडे आम्ही सगळे पिस्तुलं दुरुस्तीला देतो त्याने ते आठवडाभर ठेवून घेतलं आणि परत देताना म्हणाला, "साहेब, काही नाही यात. झकास चालतंय." मला वाटलं, याने उघडूनच पाहिलं नाही.

त्याच सुमारास घरी एक गोष्ट झाली. बायकोने माझा उजवा हात धरून उजेडात नेला.

"अहो, हे कधी भाजलं?"

तर्जनीच्या टोकावर फोड आला होता. मला आठवेना. सकाळी तव्यावरची भाकरी मी उलटली होती, तेव्हाच असेल.

"भाजलं तर कळत नाही का माणसाला?"

"लक्ष नव्हतं गं."

"शर्टाची बटणं लावायला हल्ली पाच मिनिटं लागतात तुम्हाला. तिथेही लक्ष नसतं का?"

मी हसण्यावारी नेलं. रात्री हात बधिर व्हायचा, झटकला की बरा वाटायचा. वयाने होतं, असं ऑफिसात तिघा-चौघांनी सांगितलं होतं. फोड बरा होईपर्यंत सराव बंद ठेवावा लागला, याचंच मला वाईट वाटलं.

पुढे क्लबाने एक नवं पॉइंट बावीसचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. आधी असलेली सगळी शस्त्रं नीट तपासावीत, काय ठेवायचं आणि काय मोडीत काढायचं ते बघावं, असं ठरलं, आणि हे काम माझ्याकडे आलं. क्लबाचा सेक्रेटरी माझा जुना मित्र. मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा, बँकेतून निवृत्त झालेला. त्यानेच माझं नाव सुचवलं. "याचं बोट म्हणजे आपला काटा," असं तो बैठकीत म्हणाला.

मी तीन रविवार एकेक शस्त्र रिकामं असल्याचं तपासून, भिंतीकडे धरून, चाप ओढून पाहिला. पिस्तूल एकही धड वाटेना. कुठे उंबरठाच नाही, कुठे दोन उंबरठे असल्यासारखं वाटायचं. एक तर नुकतंच दुरुस्त होऊन आलेलं होतं. चांगलं लागलं ते फक्त जुनं रिव्हॉल्वर, आणि तेही घोडा न ओढता नुसत्या चापाने चालवलं तर. तसं चालवायला चारेक किलो ओढावे लागतात. चक्र फिरतं, घोडा वर येतो, सुटतो, ते सगळं मला स्पष्ट कळत होतं. किती महिन्यांनी काहीतरी स्पष्ट कळलं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा ओढत बसलो. जुन्या लोकांच्या हाताचं काम असं असतं, असं मला मनापासून वाटलं. नवी पिस्तुलं यंत्रावर कापतात, त्यात हे यायचं नाही. बैठकीत मी हेच बोललो, बराच वेळ बोललो.

बैठक संपल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "एक घोडा लंगडा असतो रे. अख्खी पागा लंगडी कशी झाली?"

"ओढून बघ ना मग तू."

"बघितले. मला सगळे धावताना दिसले."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाहीच कळत, मेल्या. म्हणून तर तुझ्याकडे दिले." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "थांब. रेंजवर कोणी नाहीये आता. तोंड भिंतीकडे कर."

क्लबात एकाच बनावटीची दोन पिस्तुलं आहेत. मुठी सारख्या, वजन सारखं. एक वापरून झिजलेलं, एक दुरुस्तीहून आलेलं. त्याने दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली, मलाही दाखवली, आणि मला वळायला सांगून मागून एक हातात दिलं. मी चाप ओढला.

"हे झिजलेलं," मी म्हणालो.

ते काढून घेतलं, दुसरं दिलं.

"हे बरं आहे. पण उंबरठा मऊ आहे."

"परत पहिलं देतो."

मी ओढलं. "हे पहिलं नाही. पहिलं असं नव्हतं."

मी वळलो. त्याच्या हातात काही नव्हतं. दुसरं पिस्तूल टेबलावर उघड्या पेटीत तसंच होतं, मी वळण्याआधी जसं होतं तसं. तिन्ही वेळा त्याने मला एकच दिलं होतं, दुरुस्तीहून आलेलं.

"अजून एकदा करू," मी म्हणालो.

"कर हवं तेवढं," तो म्हणाला, पण पिस्तूल त्याने पेटीत ठेवलं. पेटी बंद करून कुलूप लावलं. मग माझा हात हातात घेऊन तळवा बघत बसला, ज्योतिषी बघतो तसा. "दुसरा दाखव." मी डावा पुढे केला. "हितं खड्डा पडलाय बघ," तो म्हणाला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो फुगवटा असतो तो बसला होता. रोज पिस्तूल धरताना मी त्या हाताकडेच बघत होतो.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी हातात सुया टोचून करंट सोडला, आणि पडद्यावरच्या रेषा बघितल्या. मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबली होती. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तिच्यावर चालतं.

"रात्री हात बधिर व्हायचा?"

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"चाप दुरुस्त करून घेतला," मी म्हणालो. डॉक्टरांना ते कळलं नाही. शेजारी बसलेल्या बायकोला कळलं, पण ती खिडकीकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं परत येईल यावर भरवसा ठेवू नका. सुरुवातीलाच आला असतात तर चित्र वेगळं असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी सौम्यपणे म्हटलं, पण म्हटलं.

ऑपरेशन झालं. आता रात्री हात बधिर होत नाही, झटकावा लागत नाही, एवढा फायदा झाला. अंगठ्याचा खड्डा तसाच आहे. तर्जनीच्या टोकाला कापूस लावल्यासारखं वाटतं. खिशात हात घातला तर घराची किल्ली कोणती आणि कपाटाची कोणती ते बाहेर काढून बघावं लागतं. डाव्या हाताने सुरुवात करावी असं एक-दोघांनी सुचवलं. मी काही रविवार करून पाहिलं. डाव्या बोटाला उंबरठा कळतो, पण मनगट स्थिर राहत नाही, आणि ते स्थिर व्हायला मला जेवढी वर्षं लागली तेवढी आता मी मोजू इच्छित नाही. जड चाप मला अजून कळतो. पण रिव्हॉल्वरच्या त्या चार किलोच्या चापाने ताटाएवढ्या जागेत गोळ्या पसरतात. त्याची स्पर्धा कुठेच नसते.

रिव्हॉल्वर आणि पिस्तुलाबद्दल मी बैठकीत जे बोललो ते खोटं होतं, हे मी समितीला सांगितलं. रिव्हॉल्वर सुंदर आहे, पण मला ते आवडलं होतं जड होतं म्हणून. सेक्रेटरीने नवं पिस्तूल कोणतं घ्यावं ते दुसऱ्यांना विचारलं. ते आता आलंही आहे. सगळे म्हणतात, चाप उत्तम आहे.

माझं हवेचं पिस्तूल पेटीत आहे. विकायला काढावं असं बायको एकदाही म्हणाली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सेक्रेटरी मला तपासणीच्या टेबलावर बसवतो. नेमबाज आपलं पिस्तूल आणतात, मी ते उभं धरतो, चापाला वजन टांगतो आणि वर उचलतो. वजन उचललं तर पिस्तूल चालतं, नाहीतर परत. या कामाला बोट लागत नाही. गेल्या महिन्यात एक पोलीस हवालदार बाई आल्या. त्यांचं पिस्तूल नवीन होतं, पहिलीच स्पर्धा. वजन टांगलं, चापाने उचललं, मी तपासणी झाल्याची चिकटपट्टी लावून पिस्तूल त्यांच्याकडे सरकवलं.

"सर, तुम्हाला चापातलं फार कळतं म्हणतात," त्या म्हणाल्या. "जरा ओढून बघा ना. कसा वाटतो?"

मागे रांग होती. मी पिस्तूल परत हातात घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली, भिंतीकडे धरलं आणि चाप ओढला. कुठेतरी तो सुटला.

"वजन बरोबर आहे," मी म्हणालो.

त्या पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. मी पुढच्या माणसाकडे हात केला.