अप्पांच्या कॅसेटमधला बिघाड

जुन्या हुबळीतल्या एका बोळात जुने घरगुती कॉम्प्युटर हौसेनं घेणारा, विकणारा एक गृहस्थ राहतो. एक कॉम्प्युटर तर त्यानं हार्मोनियमच्या पेटीत बसवलाय. अप्पा गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर विकायला मी त्याच्याकडे गेलो. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा, तसला. आमच्याकडे तो कधी चाललाच नाही.

त्यानं यंत्राकडे पाहिलंही नाही. "कॅसेट आणलीय काय, अण्णा?"

मी दिलेली कॅसेट त्यानं टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि त्यातून प्रोग्रॅमच्या कर्कश किंचाळ्या सुरू झाल्या. तो मांडी घालून, डोळे मिटून, मैफिलीत बसल्यासारखा मान डोलवत ऐकू लागला. अचानक त्यानं हात वर केला. किंचाळ्या थांबून अप्पांचा चिडका आवाज आला, "हे चालतच नाही गं! दुकानदारानं फसवलं आपल्याला!" मग पुन्हा किंचाळ्या.

"चुकून रेकॉर्डचं बटण दाबलंय त्यांनी," तो गंभीरपणे म्हणाला. "प्रोग्रॅम पुसून त्याजागी तक्रार भरली."

अप्पांनी शेवटपर्यंत त्या यंत्राला शिव्या दिल्या होत्या.

त्यानं कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यालाच कन्नडमध्ये म्हणाला, "निंदेनू तप्पिल्ल." तुझी काही चूक नाही.

घरच्यांच्या वतीनं मी त्या यंत्रापुढे मान खाली घातली.