पहिला घास सासूचा

आपल्या अन्नात कोणीतरी काहीतरी कालवतंय, ही पाल कोकिळाच्या मनात पहिल्यांदा चुकचुकली ती ताकामुळे.

कोकिळा पिंपळगाव राजा या गावच्या भाजीमळेवाल्यांची लेक. लग्न होऊन वरवट बकालला आली तेव्हा वांग्यांची भरली टोपली एका झटक्यात डोक्यावर घेणारी पोरगी होती. पण सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत खाल्लेलं अंगी लागेनासं झालं. दंडावरचं मांस गेलं, पोट मात्र फुगलेलं. उठल्यासुटल्या लोटा घेऊन पांदीकडं पळावं लागे, तोंड आलेलं ते बरं होईना. एकदा दिवस राहिले, तेही टिकले नाहीत.

नवरा उत्तमराव माणूस भला, पण बोलायचं म्हटलं की दाढ दुखल्यासारखं तोंड करी. त्यानं तिला बैलांच्या दमणीत घालून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं जीभ पाहिली, पोट वाजवून पाहिलं आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर खापर फोडलं. त्या भागातलं पाणी खारं, हे खरंच. पण तेच पाणी पिऊन सासू सोजराबाई म्हातारी झाली होती आणि अजून निंदणाला बायांच्या पुढं असायची. तरी उत्तमराव लांबून गोडं पाणी आणू लागला. फरक काडीचा पडला नाही. मग रोहिणखेडकडच्या एका वैद्यांना दाखवलं. त्यांनी संग्रहणी म्हणून नाव दिलं आणि नुसत्या ताकावर ठेवलं. घरची म्हैस आटलेली, म्हणून ताक शेजारच्या रुखमाबाईकडून येई.

आणि काय नवल, कोकिळा सुधारली. पोट बसलं, डोळ्यांत तेज आलं, अंगणात झाडू मारू लागली. वैद्यांनी पथ्य सोडवलं, सासूच्या हातचं जेवण पुन्हा सुरू झालं, आणि चार दिवसांत पोरगी पुन्हा अंथरुणाला खिळली.

रुखमाबाईला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्याच्या घरातला धूर पाहून त्या घरी भाजी कोणती हे सांगणारी बाई ती! भिंतीवरून वाकून म्हणाली, "माह्या घरचं ताक पेलीस तं बरी झालीस. सासूच्या हातचं खाल्लं का पडलीस. आता तूच समज वो बाई."

"म्हंजे?"

"काही चारून राह्यली असंल. तिच्या भावाची पोरगी लग्नाची हाये ना? तुले लेकरू नाही. तू गेलीस का तिलेच आणाची हाये या घरात."

त्या दिवसापासून कोकिळा सासूच्या हातांकडं पाहू लागली. घरात सगळे एकाच टोपलीतली भाकर खात. सासरा हयात नव्हता. उत्तमराव, सालदार गडी, खुद्द सोजराबाई, सगळ्यांना भाकर आणि वरण. कोकिळाचं ताट तेवढं वेगळं, झाकून आलेलं. विकत आणलेल्या दुधात कुस्करलेली पोळी, वर तुपाची धार. कधी गव्हाचा सांजा. तो घरचा गहू सणाला आणि पाहुण्यांना लागे, पण सोजराबाई सगळा सुनेला घालत होती. आपलं एकटीचंच ताट वेगळं काऊन? हा प्रश्न कोकिळाला आत कुरतडू लागला. लाड करतात तर तोंडानं दोन गोड शब्द का नाहीत? सोजराबाई ताट ठेवायची आणि म्हणायची, "खाऊन घे. टाकू नको." एवढंच. त्या 'टाकू नको'मध्येही कोकिळाला डाव दिसू लागला.

एका दुपारी तिनं ताट पुढं ओढलं नाही. "आत्याबाई, आधी तुम्ही घास खा."

सोजराबाईनं एकदा ताटाकडं, एकदा सुनेकडं पाहिलं. तिला कळलं. मग ती खाली बसली, पोळीचा घास घेतला, चावून गिळला आणि ताट सुनेपुढं सरकवलं. त्यानंतर रोज, न सांगता, तिनं तेच केलं. ताट आणायचं, सुनेसमोर एक घास खायचा, मग ताट द्यायचं. रागावली नाही, रडली नाही, लेकाला सांगितलं नाही. संशयाला मात्र पोट भरायला काहीही चालतं. कोकिळाला वाटायचं, एवढ्याशा घासानं हिला काय होणार? म्हणूनच लहान घेते.

चैत्रात ती माहेरी गेली ती परत न येण्याच्या विचारानंच. तिथं भाकर, मेथी, कांदा, मळ्यातली गार हवा. महिना सरायच्या आत गालावर उजेड आला. आई कौशल्याबाईनं सासूच्या नावानं बोटं मोडली. "पाह्यलं? तिकडं चारलेलं उतरून राह्यलं आता. म्या नाही धाडत तुले." आणि कोकिळानं मनातल्या मनात सासर सोडलं.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीयेचा सण. लेक माहेरी, लेक बरी झालेली. कौशल्याबाईनं मागून आणलेल्या गव्हाच्या शेवया स्वतः पाटावर वळल्या होत्या. आंब्याचा रस केला. शेवया-रस, पुरणाची पोळी. सणाच्या झोक्यावरून उतरून कोकिळा पोटभर जेवली, दुसऱ्या दिवशी उरलेलं पुन्हा जेवली.

आणि पोट फुगलं. तेच मळमळणं, तोच लोटा, तीच पांद.

अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं आईच्या हातांकडं पाहिलं. क्षणभरच, पण पाहिलं. मग तिची तिलाच इतकी शरम वाटली की तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. आईनं कालवलं नाही, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकंच आता दुसरंही समोर येऊन बसलं. आईनं नाही, तर सासूनंही नसेल. मग दोघींच्या ताटात सारखं काय होतं? ताकावर होती तेव्हा काय नव्हतं?

पुन्हा भाकरीवर राहून ती सावरली. मग आई बाजारात गेलेली पाहून तिनं आपल्या हातानं गहू दळला, आपल्या हातानं पोळ्या लाटल्या, कोणाला शिवू न देता त्याच दोन दिवस पुरवून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ती पडली होती, आणि पडूनही तिला सुटल्यासारखं वाटत होतं. या वेळी घालणारा हात तिचाच होता.

"गहू काय कोणाले बाधते, पोरी?" कौशल्याबाईला हसावं का रडावं कळेना. "राजे-रजवाडे खातेत."

"मले बाधते, माय."

उत्तमराव न्यायला आला तशी ती निघाली. घरात शिरताच सासूचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. संशयही सांगितला, तो तर सोजराबाईला ठाऊकच होता. म्हातारीचं लक्ष मात्र भलतीकडंच अडकलं. "म्हंजे म्याच तुले बिमार पाडून राह्यली होती?" ती खाटेवर बसली. "माह्या वाटचा गहू तुले घातला वो मी. येईन शक्ती, म्हणून घातला."

मग म्हणाली, "बिमार सुनेले भाकर घालू? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

लोकांनी म्हटलंच. गहू खाऊ घालताना विष घालते म्हणाले, आता भाकर घालू लागली तर चिक्कूपणा करते म्हणाले. रुखमाबाई दोन्ही वेळा पुढं होती. कोकिळा अंगानं भरली, तिची पाळी नियमित झाली, पुढं मुलगी झाली, तरी सोजराबाईचं नाव गावात सुनेला सणासुदीला पोळी न देणारी असंच पडलं. कोकिळा ज्याला त्याला समजावी. गव्हानं आजार होतो हे कोणाला पटेना. सासूला वाचवायला सून खोटं बोलते, असं हसून म्हणत.

सोजराबाईच्या भाचीचं लग्न निघालं, तीच भाची, जिच्यासाठी म्हणे कोकिळाला मारायचं होतं. मांडवात पंगत बसली. पोळ्या वाढत येणारा कोकिळाच्या पत्रावळीपाशी आला तशी सोजराबाई पुढं झाली आणि पदराखालून फडक्यात बांधलेली भाकर काढली.

"काऊन वो सोजराबाई," समोरून कोणी तरी विचारलं, "भाचीच्या लग्नातबी सुनेले पोळी नाही?"

"नाही," सोजराबाई म्हणाली. आख्ख्या पंगतीत खसखस पिकली. तिनं तिकडं पाहिलं नाही. खाली बसून फडकं सोडलं, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि सवयीनं स्वतःच्या तोंडाकडं नेला.

कोकिळानं तिचं मनगट धरलं. मांडीवरची पोर रडायला लागली तरी सोडलं नाही.

"आता नका खाऊ, आत्याबाई," ती म्हणाली, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशी. "तुमच्या हातचं हाये."

आणि सासूच्या बोटांतला तो तुकडा तिनं आपल्या तोंडात घातला.