फडक्यात गुंडाळलेला ब्रेक-शू

घासून घासून ब्रेकच्या शूवर आरशासारखी चमक येते, हे मी काल पहिल्यांदा पाहिलं. ट्रक गॅरेजात उभा होता आणि मागचे शू घ्यायला मी आरसी बुक घेऊन ऐटीत निघालो होतो. हे तिसरं दुकान. आधीच्या दोन दुकानांतले शू बसलेच नव्हते.

"मालक, कागदावरच्या गाडीचे शू हेच," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले. "मागचा एक्सल बदललाय का?"

"छे! कंपनीचाच आहे," म्हणत मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

खरं तर दोन वर्षांपूर्वी मीच दुसऱ्या गाडीचा एक्सल, त्यावरच्या ब्रेकसकट, भंगारातून आणून बसवला होता. आता माझ्या शेजारी उभे असलेले आमचे ड्रायव्हर दत्तूमामा, यांना मात्र तेव्हा सांगितलं होतं, "अगदी तोच मिळाला!"

मामांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला जुना, चकाकणारा शू काढला. "ह्याच्या मापाचा द्या. एक्सल बदललेला आहे."

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"घाट मीच उतरतो ना, दादा. पायाला कळतं."

ट्रकच्या कपाळावर मी हौसेनं आईचं नाव रंगवून घेतलंय. माणसाचंही दर्शनी नाव सगळे वाचतात. खाली काय बसवलंय, ते त्याच्या भरवशावर उतार उतरणाऱ्यालाच कळतं.

नवे शू बसले. परतताना मी मामांच्या शेजारी होतो. दर उताराला माझा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर आपोआप दाबला जात होता. मामांनी ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.