साळिंदर आजीची मोकळी जागा

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि समोरच्या उंबऱ्याबाहेर कालचीच रांगोळी दिसली. ओढ्याच्या काठाशी थांबलेली मुंगसांची फौज, पलीकडे कोल्ह्यांची छावणी, सगळं जसंच्या तसं. फक्त कडेवरून कुणाची तरी चप्पल फिरून गेलेली. कुंदाच्या दारात शिळी रांगोळी मी जुईनगरच्या या इमारतीत राहायला आल्यापासून कधी पाहिली नव्हती. तापाने फणफणलेली असली तरी ती भिंत धरून बाहेर यायची, ओल्या फडक्याने कालची पुसायची आणि आजची काढायची. मी बेल वाजवली नाही, दार नुसतं लोटलेलंच होतं. आत तिचे यजमान, अप्पा, खुर्चीत बसले होते. मला बघून म्हणाले, "उठलीच नाही गं आज ती..." दुपारपर्यंत माणसं येत-जात राहिली आणि त्यांच्या पायांखाली मुंगसं, कोल्हे, ओढा सगळं एक होऊन गेलं.

'करवंदीची लढाई' ही मुलांसाठीची कादंबरी ज्यांच्या घरात आहे, त्यांना कुंदा माहीत असेल. डोंगरावरचे प्राणी आणि खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतले प्राणी एका गोड्या पाण्याच्या झऱ्यासाठी भांडतात, त्या युद्धाची ही गोष्ट. ती लिहिली कशी गेली हे मात्र आमच्या मजल्यावरच्या लोकांनाच ठाऊक. कुंदा आधी दारात लिहायची, मग कागदावर. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळीने सगळं रान काढायचं, कोणाची फौज कुठवर आली ते ठिपक्यांनी मांडायचं आणि त्यातून दुपारी प्रकरण पुढे सरकायचं. शाळेला निघालेली मुलं दप्तरं पाठीवर घेऊन तिथे उकिडवी बसायची. "आजी, घोरपडींना मागून पाठव ना," असे सल्ले द्यायची, आणि त्यातले काही ती चक्क ऐकायची. कॉम्प्युटरला ती हात लावत नसे, त्यामुळे टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला बोलणारे प्राणी कधीच पटले नाहीत. माणसं बोलतात तेवढं पुरे आहे, असं माझं मत. पण तिचा भेकर सेनापती रात्री पहाऱ्यावर एकटाच रडतो ते प्रकरण टाइप करताना माझा चष्मा दोनदा पुसावा लागला. तिला अर्थातच मी ते सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसली असती.

युद्ध पेटलं तसं रान पसरत पसरत लिफ्टपर्यंत गेलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "अहो मॅडम, पॅसेज कॉमन आहे. लिफ्टसमोर ही कोल्ह्यांची गँग कशाला? कंप्लेंट येतात, फुकटचं टेन्शन." कुंदा अगदी गंभीरपणे म्हणाली, "कोल्हे आजच्या आज माघार घेतील. पण घोरपडी जिन्यापाशी राहू देत, नाहीतर हरतील हो बिचाऱ्या." सेक्रेटरी हसू दाबत खाली गेले. पुढे त्यांचाच नातू घोरपडींच्या बाजूने होता.

मग एका सकाळी साळिंदर आजी मेली. ही डोंगरावरची सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात वटवट करणारी. दोन्ही फौजांच्या मधे जाऊन उभी राहिली, "आधी पाणी प्या आणि मग मरा," असं ओरडली आणि कुणाचा तरी घाव तिच्यावरच बसला. त्या दिवशीच्या रांगोळीत रानाच्या मधोमध तळहाताएवढी जागा मोकळी होती. मुलांनी विचारलं तेव्हा कुंदाने रानाचा कायदा सांगितला: जिथे कुणी पडलं, ती जागा मोकळी सोडायची. तिथे काही काढायचं नाही आणि त्या जागेवरून कुठलीच फौज जात नाही, मित्राची नाही की शत्रूची नाही. खालच्या मजल्यावरची इरा तेव्हा तिसरी-चौथीत असेल. ती जी रडत घरी गेली ती दारात फिरकेनाच. शाळेला जाताना तोंड फिरवून लिफ्टमध्ये शिरायची. तिची आई वर आली. "कुंदाताई, ती जेवत नाहीये हो. तुमच्याच हातात आहे ना, करा ना जिवंत त्या आजीला." कुंदा "नाही करता येणार," एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. एका साळिंदरापायी पोरीला रडवायचं म्हणजे काय!

यातून मार्ग काढला तो अप्पांनी, आणि तोही चुकून. अप्पा इंजिनिअर, अर्धवट काम दिसलं की हात शिवशिवणारे. कुंदा भाजीला गेली असताना त्यांना वाटलं, बायको मधली जागा भरायला विसरली. त्यांनी तिथे सुबक, मोजून-मापून आठ पाकळ्यांचं कमळ काढलं, वर हळदीकुंकूही टाकलं. शाळेतून आलेल्या मुलांनी इमारत डोक्यावर घेतली. "अप्पांनी साळिंदर आजीवर कमळ काढलं!" तो ओरडा ऐकून इरा धावत वर आली. माझ्या दारातून मी बघत होते. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहातांनी ते कमळ पुसायला लागली. "इथे नाही काढायचं. इथे आजी आहे," असं पुटपुटत कडेकडेने सगळं साफ केलं, शेवटी फुंकरही मारली. तेवढ्यात कुंदा भाजीची पिशवी घेऊन आली. तिने इराला घरात नेलं आणि दोघींनी मिळून पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून इरा घोरपडींची सल्लागार झाली.

पुस्तकाचं पुढे सोपं नव्हतं. एका मोठ्या प्रकाशकांना कादंबरी फार आवडली, फक्त साळिंदर आजी मरू नये, जखमी व्हावी आणि शेवटी बरी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मुलांच्या पुस्तकात मरण पालकांना चालत नाही म्हणे. मी कुंदाला म्हटलं, "अगं, एवढं एक बदल, पुस्तक तर येईल." तेव्हा ती चिडली, आणि चिडली की तिच्या तोंडी उरणकडची माहेरची बोली यायची. "मी नाय बदलनार! माजी आय मेली तवा मला सांगलं, मामाकडं गेली हाय, लाँचीनं येल. मी रोज धक्क्यावर जाऊन बसायची. लाँच यायची, मानसं उतरायची... आय नाय यायची. कुनीच मला खरं सांगलं नाय." मग पदराने तोंड पुसून साध्या आवाजात म्हणाली, "इराला कळलं की नाही? सगळ्या मुलांना कळतं. त्यांना नुसतं बसायला जागा द्यावी लागते." हस्तलिखित परत मागवलं आणि ते कपाटात बरीच वर्षं पडून राहिलं. शेवटी ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने ते जसंच्या तसं छापलं. कुंदा हट्टी होती, चहा भयंकर करायची, माझी शुद्धलेखनाची दुरुस्ती तिने कधी मुकाट्याने मानली नाही; पण इतकी खरी बाई मला दुसरी भेटली नाही. गेल्या वर्षापासून ती दुसरा भाग लिहीत होती, म्हणून दारात पुन्हा मुंगसं आली होती.

सुतकात दारात रांगोळी नसते. त्या मोकळ्या फरशीकडे बघवत नसे, म्हणून मी दूध घेऊन पटकन दार लावून घ्यायचे. तेरावं झालं आणि त्यानंतरच्या सकाळी मी दार उघडलं, तर समोर अप्पा बनियनवर जमिनीवर बसलेले, हातात रांगोळीचा डबा. डोंगर वाकडा आला होता, ओढा तर सुतळीसारखा. ऐन उंबऱ्यासमोर मात्र तळहाताएवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. इरा आता खारघरच्या कॉलेजात आहे, ती बॅग खांद्याला लावून निघाली होती, अप्पांची विचारपूस करायला म्हणून वर आली. ती मोकळी जागा तिने पाहिली. मग डोळे भरलेले असतानाच म्हणाली, "अप्पा, कमळ नाही काढलंत?"

"शिकलो गं आता," अप्पा म्हणाले.

तेव्हापासून ते रोज रान काढतात. मुंगसं पुढे सरकत नाहीत, कारण पुढची गोष्ट कुणालाच माहीत नाही. पण जागा रोज सोडलेली असते. परवा कुरिअरवाला पार्सल घेऊन सरळ दाराशी निघाला, तर खालच्या मजल्यावरची एक चिमुरडी जिन्यातून ओरडली, "काका, बाजूने जा, तिथे आजी आहे!" तो बिचारा एक पाय उचललेला तसाच थांबला, खाली पाहिलं, त्या मोकळ्या जागेत त्याला काहीच दिसलं नाही... आणि तरी तो बाजूने गेला.