कैद्यांच्या बेटावर मुलीचे मामा

सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघून जातात. विहिरीला पाणी किती, म्हशी किती, भावकीत भांडणं आहेत का, सगळं विचारतात. आमचं परभणीकडचं, पिंगळीजवळचं घर त्यांनी उन्हाळ्यातच बघितलं होतं. पण मी राहतो अंदमानात. एवढ्या लांब बघायला कोण येणार, म्हणून मी निर्धास्त होतो.

तेवढ्यात मुलीचे मामा आले.

मामा सोनपेठला एका शाळेत क्लार्क. सहलीच्या गटाबरोबर निघाले होते. "जातच हाव तर पोरगं बघून या, इतक्या लांब सोताहून कोण जातंय?" असं मुलीच्या वडलांनी त्यांना सांगितल्याचं आईनं मला फोनवर कळवलं. आणि हळूच म्हणाली, "मी त्यांना सांगून बसले, वर्सभरात येतंय माघारी म्हणून. तू बी तसंच म्हण." त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. मुलगी मला एका लग्नात दिसली होती, चार शब्द बोलली होती, आणि ही सोयरीक मोडावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

मी नववीत शाळा सोडली. हैदराबादला एका मेसमध्ये भाकरी थापायला शिकलो आणि तिथल्या ओळखीनं इथल्या लॉजवर लागलो. आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांना दोन दिवस भात खाल्ला की ज्वारी आठवते. मालकानं काही न विचारता मला ठेवून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात ताप आला, तर स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात नेलं. हे उपकार मी विसरणार नाही. पण मामांपुढं सांगताना "काही न विचारता" म्हणालो, तर ते पटकन म्हणाले, "काहीच विचारलं न्हाई? काऊन?"

माझी खोली बघून झाली. त्यांनी पत्रा ठोकून बघितला, नळ सोडून बघितला.

"पाणी रोज येतं?"

"दिवसाआड."

"परभणीपरीस बरंय." एवढंच एक चांगलं बोलले.

मग पुढं काय दाखवायचं? सगळे पाहुणे जातात म्हणून मी त्यांना जुन्या जेलच्या बेटावर घेऊन गेलो. संशय घेऊन आलेल्या माणसाला जेल दाखवायचं, ही माझी अक्कल.

बोटीत मामा लोखंडी दांडी धरून बसले.

"पाव्हणं, पवता येतं का?"

"न्हाई, मामा."

"मंग एवढ्या पाण्यात काय करायलाव?"

धक्क्यावर उतरलो तर तिथला पोलीस ओरडला, "अरे भाकरीवाले! शाम की बोट से वापस जाना, हां!" तो लॉजवर जेवायला येतो. मामा थांबले. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"वळखतो तुमाला?"

"जेवायला येतो, मामा."

"पोलीस?"

"हो."

"हं."

टेकडीवर विटांच्या पडक्या भिंती आहेत. झाडांची मुळं खिडक्यांतून आत शिरलीत. मामा एकेका कोठडीत डोकं घालून बघत होते. सुटल्यावर कैदी कुठं जायचे, असं त्यांनी विचारलं. मला ऐकून ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, की बरेच जण इथंच राहिले, लग्नं केली, शेती केली.

"गावाकडं जायला तोंड नसंल," मामा म्हणाले. "घाम लय आला तुमाला."

"हवा दमट आहे."

"मला तर न्हाई आला."

मी आयुष्यात कसला गुन्हा केलेला नाही. पण अशा भिंतीत उभं राहिल्यावर ते माझं मलाच खरं वाटेना. तेवढ्यात मामा "आलोच" म्हणून खाली उतरले. वरून मला दिसलं, ते पोलिसाशी बोलत होते आणि माझ्याकडं हात करत होते. पोलीस हसून मान हलवत होता. मी तिथल्याच पायरीवर बसलो. म्हटलं, मोडली सोयरीक.

परतीच्या बोटीत राहवेना.

"मामा, माझ्यावर कसलीच केस नाही हो. त्याला काय विचारलंत?"

मामा चकित झाले. "केस? ते मी तुमच्या भावकीत विचारून आलोय. भावकी काही झाकून ठिवती व्हय?"

"मग?"

"ह्यो माघारी जायचं नाव काढतो का, असं विचारलं. तो म्हणला, छे, आता इथलाच झाला." मामांनी आवाज उतरवला. "तुमच्या आईनं वर्सभरात येतो म्हणून सांगितलंय. तुमी इथंच ऱ्हायलाव तर आमची पोरगी दोन-दोन वर्सं आईला दिसायची न्हाई. मी ते बघायला आलोय, तर तुमी जेल दाखवायलाव."

आईनं सांगितलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बोललो असतो तर सगळं जुळलं असतं. पण पुढचं वर्ष उलटल्यावर मी काय सांगणार होतो? म्हणालो, "एवढ्यात माघारी नाही येणार, मामा. माझं इथंच बस्तान बसलंय."

मामांनी फोन काढून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "हे पोरीला तुमीच सांगा. मी न्हाई सांगणार."

इंजिनाच्या आवाजात मी ओरडूनच सांगितलं. बोटीतल्या सगळ्यांनी ऐकलं. पलीकडून ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तिकडं बलाऊज शिवायचं काम मिळतंय का?"

"माहीत नाही."

"इचारून सांगा. अन् खरं असंल तेच सांगा."

फोन परत दिला.

"काय म्हणली?" मामांनी विचारलं.

"शिलाईच्या कामाचं विचारती."

मामांनी फोन खिशात घातला, बटण लावलं आणि पाण्याकडं बघत म्हणाले, "आता हिच्या आईला कोण सांगायचं?"